सासूबाईंच्या ओव्या आणि सहा हजार फॉलोअर

पत्र

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून ३६ वर्षांच्या एका बाईंचं पत्र आलं आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, घरी शिकवण्या घेतात. सासूबाई ७१ वर्षांच्या. शाळा दुसरीपर्यंत, पण जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ. दोन वर्षांपूर्वी बाईंनी त्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. दीड वर्षात इन्स्टाग्रामवर १,७४०च फॉलोअर झाले. एकेक ओवी सातशे-आठशे जण बघायचे.

मग एके दिवशी मिक्सर बंद पडला आणि सासूबाईंनी त्याला ठेवणीतल्या माणदेशी शिव्या घातल्या. ते सहज शूट झालं, सहज टाकलं गेलं आणि सव्वाचार लाख वेळा पाहिलं गेलं. फॉलोअर ६,३०० वर गेले. पण ओव्या मात्र आता तीनशे जणही बघत नाहीत. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या म्हणतो, 'काकू, ओव्या सोड. "खडूस सासू" नावानं पेज चालव.' एक जण अडीच हजार रुपयांत दहा हजार फॉलोअर द्यायला तयार आहे. केसांच्या तेलाची एक कंपनी आठ हजार रुपये देते आहे. सासूबाईंनी 'मी आयुष्यभर हेच तेल लावलं' एवढंच म्हणायचं.

बाई विचारतात: इन्स्टाग्रामनं आपल्याला दाबलंय का? फॉलोअर वाढवायचे कसे? ओव्यांना आता कुणी विचारत नाही हे मान्य करून पुतण्याचं ऐकावं का? आणि शेवटी, जाता जाता, एक वाक्य: 'सध्या नवीन टाकायलाही काही नाही. आत्या गायला बसत नाहीत, घसा बसलाय म्हणतात. जुन्याच रेकॉर्डिंगवर चाललंय.'

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. घसा कधीपासून बसलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिक्सरच्या रीलनंतर बसला असेल, असा माझा अंदाज. चुकत असेन तर ईएनटी डॉक्टरांकडे घेऊन जा आणि पुढचा मजकूर विसरा. पण फारसं चुकत नसेन.

त्या रीलखाली काय काय लिहून आलं असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. निम्म्या लोकांनी 'आजी रॉक्स' लिहिलं असेल. बाकीच्यांनी त्यांच्या बोलीवरून, पातळावरून, मागच्या भिंतीवरून, आणि 'बिचारी सून' म्हणून तुमच्यावरून. तुम्ही ते वाचून सोडून दिलं असेल. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, असं तुम्ही धरून चाललाय का? गावात प्रत्येक घरात फोन आहे. दळणाच्या गिरणीत, एसटीत, हळदी-कुंकवाला कुणी ना कुणी 'आत्याबाई, तुमचा व्हिडिओ बघितला बरं का' असं हसत म्हटलंच असणार. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात चारचौघींत आवाज लावला तो फक्त ओवीसाठी, तिला लोक आता मिक्सरवरून ओळखायला लागले. घसा बसायला एवढं पुरतं.

पहिलं काम मी सांगते ते हे, आणि फॉलोअरशी त्याचा वरवर काही संबंध नाही. फोन आत चार्जिंगला लावा, ओसरीवर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा: ते मिक्सरचं लोकांना दाखवलं, ते तुम्हाला आवडलं नाही का? उत्तर 'मला काय त्याचं' असं आलं, तर तो होकार समजू नका. आपल्याकडच्या बायकांचं 'नको' असंच असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

ओव्या रेकॉर्ड करताना त्यांनी परवानगी दिली होती, असं तुम्ही म्हणाल. दिली होतीच. पण ती ओवीची होती. 'माझं गाणं लोकांना ऐकव' आणि 'माझा राग लोकांना दाखव' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यात कायदाही त्यांच्या बाजूला उभा आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा, सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मानला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. ओवी परंपरेची असेल, तिला कुणी मालक नसेल. पण ती तुमच्या सासूबाई जशी गातात, त्या गाण्यावर हक्क त्यांचा. रेकॉर्डिंग तुम्ही केलं, एवढाच काय तो तुमचा भाग. घरात कुणी कोर्टात जाणार नाही हे मलाही कळतं. पण आजी-आजोबांचे, लहान मुलांचे व्हिडिओ टाकणाऱ्या सगळ्यांनीच हे एकदा लक्षात घ्यावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

त्या म्हणाल्या 'काढून टाक', तर काढून टाका. सव्वाचार लाख गेले तर गेले. जीव होत नसेल तर इन्स्टाग्रामवर आर्काइव्ह करायची सोय आहे. लोकांना दिसत नाही, तुमच्याकडे राहतं. दुसऱ्या पानांनी उचलून टाकलेल्या प्रती मात्र आपोआप जाणार नाहीत. व्हिडिओ तुम्ही चित्रित केलेला असल्यानं इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोन्हीकडे कॉपीराइटची तक्रार तुम्ही स्वतः करू शकता. आणि ठेवायचा ठरला, तर निदान कमेंटना चाळणी लावा. सेटिंगमध्ये नको ते शब्द भरून ठेवता येतात. शिव्या देवनागरीतही भरा आणि इंग्रजी अक्षरांतही. आपले लोक आईबहिणीचा उद्धार इंग्रजी अक्षरांत मराठी लिहूनच जास्त करतात, आणि त्यातही प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. संध्याकाळभराचं काम आहे. पुतण्याला लावा. त्याची तेवढी मदत नक्की घेण्यासारखी आहे.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

इन्स्टाग्रामनं दाबलंय का? हा संशय मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी लिहून पाठवतं. खात्री करून घ्यायची असेल तर सेटिंगमध्ये 'अकाउंट स्टेटस' बघा. तुमच्या एखाद्या पोस्टवर बंधन असेल, ती अनोळखी लोकांना सुचवली जात नसेल, तर तिथे दिसतं. पण तुमच्या बाबतीत दुसरंच काहीतरी झालंय असं मला वाटतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५च्या सुरुवातीला सांगितलं होतं की, व्हिडिओ लोक किती वेळ बघतात, किती जणांना आवडतो आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात, या तीन गोष्टींना सगळ्यांत जास्त वजन असतं. तुमच्याकडे नव्यानं आलेले साडेचार हजार लोक शिव्या ऐकायला आलेत. त्यांच्यासमोर संथ लयीतली ओवी आली की ते दुसऱ्या सेकंदाला अंगठा वर सारतात. यंत्र त्यावरून हिशोब काढतं की, या बाईंचं हे गाणं लोकांना नको आहे. तमाशाच्या फडात हरिपाठ सुरू केल्यासारखं झालंय. हरिपाठ वाईट नाही आणि फडही वाईट नाही. माणसं चुकीच्या मांडवात बसली आहेत.

म्हणजे तुम्ही ज्याला यश समजताय, त्यानंच तुमच्या ओव्यांचं नुकसान केलंय. पुतण्याचं ऐकायचं तर ऐका, पण त्यात काय काय येतं ते बघून घ्या. मिक्सर एकदाच आपोआप बिघडतो. दुसऱ्यांदा तो बिघडवावा लागेल. मग सासूबाईंना चिडवावं लागेल, चिडल्या नाहीत तर 'आत्या, जरा जोरात बोला' म्हणावं लागेल, आणि आठवड्यातून चारदा. तुमच्या घरात सून-सासूचं बरं चाललेलं दिसतं, नाहीतर त्या दीड वर्ष गायल्या नसत्या. ते मोडून 'खडूस सासू' उभी करायला किती पैसे मिळाले तर परवडेल, याचा आकडा तुम्हीच घाला. मला तो सुचत नाही.

आणि '१,७४०च फॉलोअर' यातला तो 'च' मला खटकला. गावातल्या मंगल कार्यालयात किती माणसं बसतात? सातशे-आठशे बसली तर भटारखान्यात पळापळ होते. तेवढे लोक तुमच्या सासूबाईंची ओवी दर वेळी ऐकत होते, आणि त्यांना जेवायलाही घालावं लागत नव्हतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. तेव्हा कुणाला फॉलोअर नव्हते. २०१७पासून त्या ओव्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर येत आहेत. आवाज, शब्द, भाषांतर आणि प्रत्येक गाणारणीचं नाव-गाव, सगळं. तुम्ही अजून ते पाहिलं नसेल तर सासूबाईंना शेजारी घेऊन पाहा. 'ही आमच्याकडं अशी नाही म्हणत' असं त्या बोलायला लागल्या, की घशाचं काय ते कळेल.

माझ्या आजीच्या ओव्यांपैकी मला अडीच आठवतात. अडीच, कारण तिसरीची शेवटची ओळ गेली. तेव्हा कुणाकडे फोन नव्हता, म्हणून मी स्वतःला माफ करते.

ऐकणारे वाढवायचे कसे? वाढवता येतात, आणि त्यासाठी शिव्या लागत नाहीत. तुम्ही पाठवलेले पाचसहा व्हिडिओ मी पाहिले. सगळ्यांची नावं 'आत्याची ओवी – भाग १२', 'भाग १३' अशी. 'भाग १३' कोण शोधणार आहे? ओवी लोक प्रसंगानं शोधतात. घरात लग्न निघालं की हळद दळायच्या, घाणा भरायच्या वेळी काय म्हणायचं हे नव्या पिढीतल्या बायकांना येत नाही. त्या आदल्या रात्री फोनवर शोधतात. डोहाळजेवणाचं तसंच, बारशाचं तसंच. नागपंचमीला माहेरच्या, आषाढीला विठ्ठलाच्या, भाऊबीजेला भावाच्या, १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या ओव्या. सासूबाईंना यातल्या किती येतात, याची आधी वहीत यादी करा. मग 'हळद दळतानाच्या ओव्या – माणदेश' असं साधं, सरळ नाव देवनागरीत द्या. तेच नाव खालच्या माहितीत इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण शोधताना पुष्कळ जण तसंच टाइप करतात. आणि सण उजाडल्यावर नाही, तर दोन-तीन आठवडे आधी टाका. लग्नसराईचं तर कार्तिकातच.

तुमच्या प्रत्येक व्हिडिओची पहिली आठ-दहा सेकंदं 'नमस्कार मंडळी, आज आपण ऐकणार आहोत' यात जातात. ते काढा. पहिल्या क्षणाला त्यांचा आवाज आला पाहिजे. शब्द पडद्यावर लिहा. जुन्या बोलीतला शब्द अडला की लोक सोडून जातात, आणि तुम्ही बी.ए. मराठी आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? एखाद्या शब्दाचा अर्थ दोन ओळींत द्या. 'हा शब्द तुमच्याकडे कसा म्हणतात?' असं खाली विचारा. सोलापूरच्या, बीडच्या बायका भांडायला येतील, आणि ते भांडण गोड असतं.

आवाजाबद्दल. जातं फिरत असताना शेजारी फोन ठेवून रेकॉर्ड केलं की घरघर जास्त आणि गाणं कमी येतं. फोन जमिनीवर ठेवू नका, जमिनीतून हादरा येतो. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा किंवा पदराला लावायचा साधा कॉलर माईक घ्या. पण खुंटा हातात असल्याशिवाय पुष्कळ बायकांना ओवी सुचत नाही, हेही खरं. तेव्हा जातं रिकामं का होईना, हातात असू द्या.

इन्स्टाग्रामवर एक ओवी आणि यूट्यूबवर वीस-पंचवीस मिनिटांची सलग मालिका, असं मी करून पाहिलं असतं. हळदीच्या दिवशी स्पीकरला फोन जोडून लोक तेच लावून ठेवतात. पैशांच्या दृष्टीनंही ते बरं. जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी यूट्यूब १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं मागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. एक कोटी सोडून द्या. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेली मिनिटं यात धरत नाहीत. तीन मिनिटांच्या हिशोबानं ८० हजार वेळा पाहिलं जायला हवं, पण कुणी पंधरा मिनिटं लावून ठेवलं तर १६ हजारांत भागतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्सच्या बाबतीत ४५. यावर घर चालेल असं मी म्हणत नाही. शिकवण्या सोडू नका. आणि जे येईल त्यातला सासूबाईंचा भाग त्यांच्या हातात, नोटांमध्ये द्या. बँकेत टाकला तर त्यांना तो आल्यासारखा वाटणार नाही.

दहा हजार फॉलोअर अडीच हजारांत? नको. ती खाती काही ऐकत नाहीत, कंपन्या ती अधूनमधून साफ करतात, आणि यूट्यूबवर तर असा खोटा आकडा फुगवणं नियमाविरुद्ध आहे. त्यापेक्षा अडीच हजारांत माईक घ्या.

तेलाचं जरा गंभीर आहे. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची भलावण केली, तर ती जाहिरात आहे असं व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३मध्ये तशी मार्गदर्शक सूचना काढली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यालाही तो लागू होतो. हे तेल सासूबाईंनी आयुष्यभर लावलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कंपनीलाही माहीत आहे. खोटं बोलणार सासूबाई, आणि तेही आठ हजारांसाठी. कंपनीला लिहा: 'जाहिरात आहे असं सांगू, आयुष्यभर वगैरे म्हणणार नाही, आणि आधी दोन महिने वापरून बघू.' बहुधा उत्तर येणार नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. जुनी सगळी रेकॉर्डिंग, न कापलेली, एका हार्ड डिस्कवर आणि एखाद्या ऑनलाइन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. प्रत्येकाबरोबर तारीख, ओवी कुणाकडून शिकल्या, कुठल्या गावची, कुठल्या कामाची, एवढं लिहा. २९ जून २०२०ला सरकारनं टिकटॉक बंद केलं, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचं सगळं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. त्याच वर्षी नगरजवळच्या 'आपली आजी' या रेसिपीच्या चॅनलचं खातं हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं, पण ते दिवस त्या घरात कसे गेले असतील! तेव्हा टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, लावा, दोन्हीकडे. आणि जे १,७४० आधीपासून होते, त्यांच्यातल्या नेहमी लिहिणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. तिथे नवीन ओवी आधी पाठवा. तिथल्या बायका काय म्हणतात ते सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांच्याच भाषेत. आजवर त्यांच्या कानावर फक्त मिक्सरवालेच गेलेत.

हे सगळं त्यांचा होकार आल्यावर. नाही आला तर जुन्या रेकॉर्डिंगवर वर्षभर सहज निघेल, शब्द आणि अर्थ लिहायचं कामच तेवढं आहे.

आणि तो मिक्सर दुरुस्त झाला की नाही, ते पत्रात लिहायचं राहिलं आहे. नसेल झाला, तर आधी तो करून आणा.